बजेटमध्ये नसलेलं वाक्य

गहिनीनाथ खराखुरा मेला तेव्हा कोळेवाडीतल्या निम्म्या लोकांना हसू आवरेना. यात कोळेवाडीचा फार दोष आहे असंही म्हणता येत नाही. हाच माणूस आदल्या वर्षीच्या मे महिन्यात याच अंगणात, याच लिंबाखाली तिरडीवर आडवा झाला होता, आणि त्याला तसा आडवा झालेला बघायला अख्ख्या महाराष्ट्राने तिकिटं काढली होती. आता पुन्हा तोच माणूस, तशीच तिरडी, कपाळाला तसाच बुक्का. पाव्हण्यांतल्या एका बाप्याने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि तो गोठ्यामागं जाऊन उभा राहिला. बाकीचे माना खाली घालून होते, पण चोरून सगळ्यांची नजर जायची ती मयताच्या डाव्या डोळ्यावर. उघडतो का काय, याची वाट बघत होते लेकाचे.

आणि जिनं रडून अंगण डोक्यावर घ्यायचं ती लंकाबाई, गहिनीनाथची बायको, उशाशी नुसती बसून होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बायकांनी तिला हलवलं, तिच्या गळ्यात पडून हंबरडे फोडले, तर ही उलट त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत राहिली. तिरडी उचलली, वेशीबाहेर गेली, धूर दिसला, माणसं आंघोळी करून परत आली, तरी बाई कोरडी. मग काय, गावाला विषयच मिळाला. सिनेमात पाचशे रुपड्यांसाठी धाय मोकलून रडली आणि खऱ्या नवऱ्याला आसू नाही, असं गिरणीत, दूधडेअरीवर, सगळीकडे सुरू झालं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरतं? पण बोलणाऱ्यांना गोष्ट अर्धीच ठाऊक होती.

पाथर्डी तालुक्यातली ही वाडी दसऱ्यानंतर अर्धी रिकामी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि कारखान्यांवर ऊस तोडायला जातात; परततात ती उन्हाळ्यात. त्या मे महिन्यात टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या आणि पाठोपाठ सिनेमा कंपनीच्या गाड्या आल्या. उघडा माळ, एक पडकी विहीर आणि रिकामी माणसं एवढं सगळं एका जागी स्वस्तात मिळत होतं, म्हणून त्यांनी कोळेवाडी निवडली होती. एरवी आमच्या भागात कोण झक मारायला येतंय?

कंपनीचा जमाखर्च आणि जेवणखाण बघायला तुषार नावाचा एक तरुण होता. नगरजवळच्या नागापूरचा. आधी तिथल्या एका वर्कशॉपात सुपरवायझर होता, मग या धंद्यात शिरला. तो सगळ्यांशी मोकळं बोलायचा. सिनेमाचं बजेट एक कोट दहा लाख आहे, म्हणजे मुंबईच्या मानाने चिल्लर, तेव्हा जेवणात रोज दोन भाज्या मागू नका, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सिनेमा विनोदी होता. एक कवडीचुंबक म्हातारा मरतो आणि गावातल्या भांडणांपायी त्याची तिरडी काही केल्या स्मशानात पोचत नाही, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचं काम करायला पुण्याहून एक नट आणला होता. तो आमच्या उन्हात उघड्यावर सकाळभर पडला, चक्कर येऊन दवाखान्यात गेला आणि तिथूनच त्याने पुण्याची गाडी धरली.

आता मयत कुठून आणायचं? कोळेवाडीत कुणी तयार होईना. जित्या माणसाने तिरडीला पाठ टेकायची नसते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिरडी बांधणाराच आधी अडून बसला होता. शेवटी गाठी उलट्या मारीन, म्हणजे ती खरी धरली जाणार नाही, या बोलीवर त्याने हात लावला. तुषारने भाव पाचशेवरून पंधराशेवर नेला तरी माणूस मिळेना. तेव्हा गहिनीनाथ पुढं झाला. फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना मी रोजच मरत हुतो, तवा कुनी जादा पैसे दिले न्हाईत, असं म्हणाला आणि सदरा काढून आडवा झाला.

लंकाबाईचा संताप संताप झाला. तिने घरी चूल पेटवली नाही, की नवऱ्याकडं बघितलं नाही. पण तिची थोरली जाऊ भागूबाई, जी बाजूच्याच खणात राहते आणि बारा वर्षं विधवा आहे, ती मोठी व्यवहारी बाई. रडणाऱ्या बायकांना पाचशे आणि जेवण देतात हे तिला कळलं होतं. ती लंकाबाईला ओढतच अंगणात घेऊन गेली. लंकाबाई गेली ती पैशासाठी नाही. समोर बसले तर त्याच्यावर नजर तरी राहील, एवढाच तिचा विचार.

आता रडणं काही सांगून येतं का? बायका पदरात तोंड घालून खुदखुदायला लागल्या. साहेब लोक वैतागले. डोळ्यांत घालायचं औषध आणलं, तेवढ्यापुरतं पाणी आलं, आवाज काही येईना. सिनेमातल्या विधवेचं काम करणारी नटी तेवढी व्यवस्थित रडत होती. असं करत करत ऊन उतरायला आलं आणि चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली.

उचलताना तिरडी कलली आणि गहिनीनाथची मान एका बाजूला पडली. एवढंच झालं. पण लंकाबाईने ती मान पडताना बघितली आणि कॅमेरा, दिवे, पाचशे रुपये, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. तिला दिसलं ते आपला नवरा चाललाय. ती उठली, त्या नटीला ढकलून पुढं घुसली, तिरडीचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि अशी ओरडली की माळावरची जनावरं उधळली. केस सुटले, पदर मातीत. मला टाकून कुठं चाललात, असं म्हणत तिने बांबूवर डोकं आपटून घेतलं.

तेव्हा गहिनीनाथने डावा डोळा उघडला. घरात बोलायचा तसंच, हळू, तिच्यापुरतं बोलला.

"अगं, रडू नगं. मी हाये की हितं."

मग त्याला साहेब दिसले, मजुरी कापतील की काय वाटलं, आणि त्याने डोळा गपकन मिटून घेतला. खांदेकरी हसून हसून गुडघ्यावर आले. साहेबांनी मात्र कॅमेरा थांबवला नव्हता.

सिनेमा पुढल्या फाल्गुनात लागला. पहिले तीन दिवस कुत्रं फिरकलं नाही म्हणतात. चौथ्या दिवशी कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाईलवर टाकला, आणि मग काय विचारता. माणसं बायकापोरांना घेऊन दुसऱ्यांदा जायला लागली, ती त्या डोळ्यासाठी. पाथर्डीच्या स्टँडवर गहिनीनाथला लोक अडवायला लागले. काका, एकदा उघडा की! हाही भाबडा, थांबून डोळा उघडून दाखवायचा, आणि यष्टी निघून जायची.

फाट्यावर आसारामचं चहाचं हॉटेल आहे. तिथं गहिनीनाथची रोजची हजेरी सुरू झाली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, आज कुठवर आला? आसाराम मोबाईलमध्ये बघून सांगायचा. सहा कोट. नऊ कोट. बारा. गहिनीनाथ माणूस शेतीचा, त्याने हिशेब आपल्या परीने लावला. एक कोट दहा लाख पेरले आणि अठरा कोट उगवले. असलं बियानं कुठल्या दुकानात भेटतं रे, असं तो ज्याला त्याला विचारायचा. आसाराम जरा वाचणारा. तो समजावून सांगायचा की बाबा, अठरा कोट म्हणजे अठरा कोट नव्हे. आधी त्यातला सरकारचा कर जातो, उरल्यात निम्मे थेटरवाल्याचे, मग वितरकाची दलाली, मग पोस्टर नि जाहिराती. खर्च फिटून निर्मात्याला निव्वळ सुटतात ते चार-सव्वाचार. आणि टीव्हीवाल्यांना विकला त्याचे वेगळे. गहिनीनाथ म्हणायचा, मग तरी ह्याच्यापुढं तूर परवडली न्हाई म्हनायचं.

गावात पेटवणारे कमी नसतात. तुझ्या एका वाक्यावर पिक्चर चालला, जा, माग वाटा, वकील लाव, असं त्याला पुष्कळांनी सांगून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि बिडी पेटवायचा. आडवा पडलो त्याचे पैसे घेतले, बोललो ते घरच्या मानसाशी बोललो, त्याचे कसले मागायचे, असं त्याचं म्हणणं. आसाराम त्याला मूर्ख म्हणायचा आणि चहाचे पैसे घ्यायचा नाही.

आसारामच्याच जीपमधून सगळे एकदा नगरला जाऊन सिनेमा बघून आले. लंकाबाईला तिथं आपलं तोंड दिसलं, भिंतीएवढं, वेडंवाकडं, उघडं, शेंबूड आलेलं. आणि थेटर फुटेस्तोवर हसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं रडणं एवढ्या माणसांनी बघितलं आणि ते त्यांना गंमत वाटलं, हे तिला सोसवेना. तिने शेजारी बघितलं तर गहिनीनाथही डोळे पुसत हसत होता. तिच्याकडं लक्ष गेलं तसा तो गप झाला आणि शेंगदाण्याची पुडी तिच्या हातात कोंबली. कोळेवाडी येईपर्यंत ती पुडी तिच्या मुठीत तशीच होती.

नंतर मात्र घरात त्याचा चाळाच झाला. दूध उतू गेलं, शेळी हरवली, सून-लेकाचा कारखान्यावरून फोन आला नाही, काहीही झालं आणि लंकाबाईचं तोंड उतरलं की हा एक डोळा मिटून म्हणायचा, रडू नगं, मी हाये की हितं. ती करवादायची. मेल्या तोंडाचं बोलू नका म्हणायची. आणि तोंड फिरवून हसायची. तिला ते आवडायचं, हे तिने कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच.

श्रावणात तो शेळ्यांना पाला आणायला तळ्याकडं गेला आणि बांधावर बसला तो उठलाच नाही. अजिनाथ, म्हणजे त्यांचा मुलगा, तेव्हा घरीच होता. त्याने आणि आसारामने जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने हात लावून बघितलं आणि घेऊन जा म्हणाला.

तिरडी या वेळी नीट बांधली होती. लंकाबाई उशाशी बसली होती आणि तिला सगळं कळत होतं. ती काही खुळी झाली नव्हती. हात गार आहे, नखं काळीनिळी पडलीत, नाकात कापूस आहे, हे तिला दिसत होतं. हंबरडा गळ्यापर्यंत आलाही होता. पण तो तोंडातून निघायच्या आत तिच्या मनात आलं, मागच्या वेळी मी रडले तेव्हा हे बोलले होते. आता रडले आणि बोललेच नाहीत तर?

मग संपलंच. मग काही उरलंच नाही. तिने हंबरडा गिळला आणि गळ्यातच धरून ठेवला. जोवर ती रडत नाही, तोवर तो बोलणार नाही हे ठरत नव्हतं. असला विचार उघड बोलून दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून तिने तो बोलून दाखवला नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. मागं काही इच्छा राहिली नाही माणसाची, असं सगळे म्हणाले. लंकाबाई पिंडाकडं बघत होती आणि तिला काहीही वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही, भूक नाही. चहा पाण्यासारखा लागायचा. आमटीत मीठ दोनदा पडायचं, सून जया ती गुपचूप बदलून ठेवायची. शेळीचं एक करडू मेलं, ते तिने उचलून उकिरड्यापलीकडं पुरलं, हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. अजिनाथला आईची भीती वाटायला लागली.

भागूबाईने आपल्याकडून सगळे उपाय केले. बाई, रडलं पाहिजे, नाही तर ते छातीत गाठ धरतं, असं तिचं शास्त्र होतं. तिने गहिनीनाथची चप्पल आणून लंकाबाईच्या पुढ्यात ठेवली. त्याच्या लग्नातल्या गोष्टी काढल्या. शिव्या दिल्या. एकदा तर दंडाला कडकडून चिमटा काढला. लंकाबाई म्हणाली, आक्का, दुखतंय. पण तिच्या आवाजात दुखल्याचं काही नव्हतं.

गिरणीत एकदा कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यातून गहिनीनाथ बोलला. लोकांनी ते वाक्य फोनच्या घंटीला लावलं होतं. बायका चपापून लंकाबाईकडं बघायला लागल्या. ती डबा काखेत धरून ऐकत उभी राहिली. आवाज त्याचाच होता. पण तो त्या फोनवाल्याला बोलत होता, तिला नव्हे. ती रडली कुठं होती? तिने पीठ घेतलं, पैसे दिले आणि घरी आली.

दसरा तोंडावर आला. मुकादम उचल घेऊन दारात येऊन गेला, आणि अजिनाथने त्याला आठ दिवसांनी या म्हणून परत लावलं. जयाची कंबर गेल्या हंगामात धरली होती, ती अजून सुटली नव्हती. कोयता तर जोडीचा. ती नाही तर हाही नाही. नवरा-बायको दोघंही याबद्दल बोलत नव्हते, पण रोज बोलायचं टाळत होते. अशात एके दिवशी दुपारी गाडी येऊन अंगणात थांबली आणि तुषार उतरला.

त्याने भिंतीवरच्या गहिनीनाथच्या फोटोला हात जोडले. जयाने चहा ठेवला. भागूबाई येऊन उंबऱ्यात बसली. तुषार आधी इकडचं तिकडचं बोलला, मग कपातला चहा संपल्यावर मुद्द्यावर आला. कंपनी सिनेमाचा दुसरा भाग काढणार होती. या वेळी बजेट चार कोट. पहिल्याच्या यशावर पैसा लावायला माणसं दारात उभी होती.

तुषार खरं बोलणारा होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने सांगितलं की मावशी, पहिल्या सिनेमाचं बजेट मी स्वतः बनवलं होतं. हिरोला किती, लेखकाला किती, जनरेटरला किती, पार तिरडीच्या बांबूपर्यंत सगळं त्यात होतं. ज्या वाक्यावर लोक परत परत आले तेवढं एकच त्यात नव्हतं. ते कुणी लिहिलं नव्हतं आणि त्याला आमचा एक रुपया लागला नाही. हे सांगताना त्याने मान खाली घातली होती. मग म्हणाला, काकांचं त्या दिवशीचं बरंच चित्रण आमच्याकडं शिल्लक आहे. दुसऱ्या भागात म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध दाखवायचंय. तुम्ही रडायचं आणि काकांनी पुन्हा डोळा उघडून तेच बोलायचं. याचे घरच्यांना दोन लाख द्यायचं निर्मात्याने मान्य केलं आहे.

दोन लाख म्हटल्यावर अजिनाथने बायकोकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. जयाने कप उचलले आणि उगाच तसेच हातात धरून उभी राहिली. भागूबाईला वाटलं, आता लंकाबाई या पोराला हाकलून देणार. अजिनाथलाही तेच वाटलं. आईने नाही म्हटलं तर आपण एक शब्द बोलायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

लंकाबाई थोडी पुढं सरकून बसली. ते बोलतील का, असं तिने विचारलं. तुषार म्हणाला, हो, बोलतील. तेच? तेच, मावशी, त्यांच्याच आवाजात. तिने पुन्हा विचारलं, म्हंजे मी रडले का मग बोलतील? तुषारला हायसं वाटलं. तो म्हणाला, अगदी तसंच, आधी तुम्ही, मग ते.

"मंग मी येते," लंकाबाई म्हणाली.

अजिनाथने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला. आणि गंमत बघा, श्रावणापासून दगड होऊन बसलेली ही बाई बोलायला लागली. कधी यायचं, कुठं यायचं, लुगडं मागचंच नेसू का, ते मातीचं झालं होतं पण धुऊन ठेवलंय. तिच्या तोंडावर रंग आला. जयाला तिने लाडू ठेव की म्हणून सांगितलं. भागूबाई तिच्याकडं बघतच राहिली. पैशाला भुलली की काय, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पैसा लंकाबाईच्या ध्यानीमनीही नव्हता. गळ्याशी इतके दिवस धरून ठेवलेलं आता सोडता येणार होतं. ती रडणार होती आणि तो बोलणार होता, आणि हे दोन लाख देणाऱ्या शहाण्या माणसांनी ठरवलं होतं, म्हणजे ते होणारच होतं.

तुषार कागद काढायला लागला. तिने त्याला थांबवलं. तिला अजून एक विचारायचं होतं. विचारताना ती लाजल्यासारखी झाली.

"पर तिथं त्यांचा आवाज कुठनं यील रे बाबा? तिरडीवरनंच यील ना?"

तुषारला प्रश्न कळला नाही. तो आपला त्याच्या कामातलं समजावून सांगायला लागला. तो म्हणाला, तिथं आवाज नसतो मावशी. तिरडीवर आम्ही गवताचा पुतळा ठेवू, तुम्ही त्याच्याकडं बघून रडायचं. काकांचं चित्र आणि आवाज आम्ही नंतर मुंबईत जोडतो. थेटरात बरोबर दिसतं, कुणाला कळतसुद्धा नाही.

लंकाबाई ऐकत होती. तिने दोनदा मान हलवली. मग हळू म्हणाली, "म्हंजे मी रडले, तर तिथं कुनी बोलायचं न्हाई."

"नाही," तुषार म्हणाला. "तिथं कोण बोलणार?"

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या घशातून घरघर आली, ठसका लागल्यासारखी. जया पाण्याचा तांब्या घेऊन वळली तोवर लंकाबाई बसल्या जागी पुढं वाकली होती आणि तिचं कपाळ जमिनीला टेकलं होतं. मग ती रडायला लागली. सिनेमात रडली होती तशी नाही. मोठा आवाज नाही, शब्द नाहीत, केस सुटले नाहीत. नुसती रडत होती, आणि मधेच थांबत होती, आणि थांबली की कान देत होती, आणि पुन्हा रडत होती.

तुषार उठला आणि परत बसला. त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोलून गेलो, काय ते मात्र त्याला उमगेना. त्याने कागद घडी करून पिशवीत घातले. अजिनाथ आईजवळ गेला नाही. भिंतीला डोकं टेकून त्याने तोंडावर हात घेतला, आणि बाप गेल्यापासून तोही पहिल्यांदाच रडायला लागला. आई आता कंपनीच्या सिनेमात रडायला बसणार नाही हे त्याला कळलं होतं. मुकादमाला होकाराचा निरोप द्यावा लागणार, हेही.

भागूबाई तेवढी उठली. लंकाबाईचं डोकं तिने मांडीवर ओढून घेतलं आणि ती तिला थोपटायला लागली. रडणाऱ्या माणसाला थोपटताना जे शब्द आपोआप तोंडात येतात ते तिच्याही ओठापर्यंत आले होते. रडू नगं. तिने ते तिथंच गिळले आणि नुसती थोपटत राहिली.